अँब्रोजने केलेली खळगी

स्टॅफर्डशायर,
२८ नोव्हेंबर १९९९

चिरंजीव अँब्रोज यास थोरल्या भावाचे आशीर्वाद (घ्यायचे नसतील तर पाकिटातच राहू देत, खराब होण्यासारखे नाहीत). कॅनडात थंडी कशी आहे? तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या हातच्या कपबशांना गिऱ्हाईक आहे ना? हे सगळं मी दर नाताळला मनातल्या मनात विचारतो, यंदा कागदावर विचारतोय. इकडे मी, म्हातारी कुत्री आणि घराचं गळकं छप्पर असे तिघे बरे आहोत.

तुझ्या कानावर आलंच असेल, सरकारने आम्हा वंशपरंपरेच्या लॉर्डांना सभागृहातून घरी पाठवलं. आजोबांनी निम्म्या इंग्लंडला कमोड आणि बेसिनं पुरवली म्हणून त्यांना ती खुर्ची मिळाली, आणि मी तुझ्याआधी चार वर्षं जन्मलो एवढ्याच कर्तबगारीवर मी तिच्यावर एकतीस वर्षं बसलो. आमच्यातले नव्वदएक जण मात्र मतदानाने राहणार होते. मीही उभा राहिलो. आपली लायकी पंच्याहत्तर शब्दांत लिहून द्यायची होती. माझ्या लायकीला एकोणीस पुरले, मग उरलेल्यांत मी सांडपाण्याविषयी लिहिलं. अकरा मतं पडली (त्यातलं एक माझं). तसं मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. एकतीस वर्षांत मी चारदा बोललो, आणि चारही वेळा मी उठलो की मागच्या बाकावरून कुणीतरी कमोडवाल्याच्या नातवाला हळूच म्हणायचं, "साखळी ओढा." तरीही शेवटच्या दिवशी कोटाच्या खुंटीवरची माझ्या नावाची चिठ्ठी मी काढून पाकिटात जपून ठेवली. ट्विगमोर घराण्याचं नाव आता कुठल्याच भिंतीवर उरलं नाही, असं मनात आलं.

ते तितकंसं खरं नव्हतं. त्याच आठवड्यात एनिड सॉल्टबाईंचं पत्र आलं. आपल्या कारखान्याच्या झिलई खात्यातल्या एनिडबाई तुला आठवतील, मोठ्या हातांच्या, त्याहून मोठ्या आवाजाच्या. कारखान्याच्या जागेवर आता सुपरमार्केट आहे, पण समोरचा कामगारांचा क्लब अजून उभा आहे. तिथे जुन्या मंडळींनी कारखान्याच्या नावाची पाटी बसवली होती आणि तिच्यावरचा पडदा मी सारायचा होता. मी तीन पानी भाषण लिहिलं, बाबांचा कोट घातला आणि अकराच्या कार्यक्रमाला साडेदहाला पोचलो. म्हातारपणी प्रवासानंतर माणूस सगळ्यात आधी जिथे जातो तिथे गेलो, आणि कडी अडकली.

दाराबाहेर एनिडबाई आल्या. "लॉर्डसाहेब, आत आहात का?"

"आहे."

"कडी जरा उचलून ओढा."

"ओढली. हातात आली."

"मग बसा निवांत. आपल्या भट्टीवरच्या रॉयला हत्यारं आणायला धाडलंय. वीस मिनिटं लागतील, कंबर गेलीय त्याची."

बसायला एकच जागा होती, ती आपल्याच कारखान्याची. समोर बेसिन, तेही आपलंच, कडेला साबण ठेवायच्या खळगीचं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, खळगी छान आहे. बाहेरून एनिडबाई हसल्या. "असणारच! माझा हात आहे तो. साबण सारखा घसरतो म्हणून मी कुरकुरत होते, तर धाकट्या साहेबांनी माझाच तळवा धरून ओल्या मातीत दाबला. म्हणाले, घ्या, झालं काम." (म्हणजे अँब्रोज, वीस वर्षं हजारो घरांनी साबण एनिडबाईंच्या तळव्यावर ठेवला, आणि हे कारखान्याच्या मालकाला ठाऊक नव्हतं.) मी माझा हात त्या खळगीत ठेवून पाहिला. माझा बसला नाही.

"कुठे असतात ते?" त्यांनी विचारलं.

"कॅनडात."

"पत्र लिहितात?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

मी भिंतीवरच्या फरशा मोजू लागलो.

"बावीस वर्षं!" बाई दाराला म्हणाल्या. "ते तिथे, तुम्ही इथे. अहो, टपाल तर रोज जातं!"

रॉयने दार काढलं (उघडलं नाही, बिजागऱ्यांसकट काढलं), तेव्हा बाहेर साठेक माणसं रांगेने उभी होती. साखळी ओढा असं कुणीही म्हणालं नाही. मी पडदा सारला. भाषणाची तीन पानं बेसिनवर राहून ओली झाली होती. मग मी एवढंच बोललो, की कारखाना विकू नये असं माझा भाऊ ओरडून सांगत होता, मी विकला, घेणाऱ्यांनी दीड वर्षात भट्ट्या विझवल्या आणि भाऊ बरोबर होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एनिडबाई कप पुढे करून म्हणाल्या, "बरं झालं बोललात. आता चहा घ्या, गार होतोय." मला वाटतं, एकतीस वर्षांत मी केलेलं एवढंच भाषण कुणी ऐकलं.

तुझा थोरला भाऊ,
विल्फ्रेड

ता. क. माझ्यानंतर लॉर्ड तूच. आता त्यात खुर्ची येत नाही. पत्र लिहायचे छापील कागद येतात, दोन खोकी आहेत.

ता. क. २. हे वर लिहायचं धाडस झालं नाही. आईनेही विकण्याच्या बाजूने मत दिलं असं समजून तू गेलास. तिने दिलं नव्हतं. कारखाना सांभाळायचाय असं सांगून मी तिची सही घेतली होती. शेवटपर्यंत ती विचारत होती, अँब्रोज का येत नाही. मी म्हणायचो, कामात असेल.

ता. क. ३. नाताळला ये. रॉय छप्पर दुरुस्त करतो म्हणालाय. यायचं नसेल तर निदान दोन पानं शिव्या लिहून पाठव. इथे सगळे मला लॉर्डसाहेब म्हणतात. 'विल्फ्या, गाढवा' म्हणणारा या जगात तू एकटाच उरला आहेस.