पाईप कंपनीच्या फिल्ममधला माणूस

मी, दीपाली सटवाजी टेकाळे, वय एकोणपन्नास, अविवाहित, धंदा संगीत शिकवणे व मागणीप्रमाणे संगीत करून देणे, राहणार लातूर, हे माझ्या खुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. डॉ. वीरभद्र कोरे यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. झोप लागते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा फेब्रुवारीपासून नीट लागत नाही हे मी खरं सांगितलं. तेही दाखल्यात आहे. झोप न लागणं म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असंही त्यांनी पुढे लिहिलं आहे.

याआधी मृत्युपत्र करण्याची मला गरज वाटली नव्हती. माझ्यामागे घरात एकच माणूस उरेल, माझ्या भावाची बायको राजकन्या, आणि सगळं आपोआप तिचं होईल, अशी माझी समजूत होती. वकील शंकरप्पा बिराजदार यांनी सांगितलं की भाऊ जिवंत असेल तर तसं होत नाही. मृत्युपत्र नसेल तर सगळं भावाकडे जाईल.

माझा भाऊ जिवंत आहे. हे वाक्य लिहिताना अजून हात थांबतो, म्हणून ते कसं कळलं ते मिळकतीच्या आधी नोंदवते.

व्यंकट माझा थोरला भाऊ. आमचं गाव कंधारजवळ. त्याच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा नांदेडला गोदावरीच्या घाटावर त्याचे कपडे आणि चपला सापडल्या. पावसाळा होता, नदी दोन्ही काठ धरून चालली होती. प्रेत मिळालं नाही. वडील त्याआधीच गेलेले. आम्ही दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. माझी आई सरस्वतीबाई दर पितृपंधरवड्यात त्याचं पान वाढत राहिली. राजकन्या माहेरी गेली नाही. माझ्याबरोबर लातूरला आली, अंगणवाडीत लागली. मी कार्यक्रम आणि शिकवण्यांसाठी फिरत असे. आईचं शेवटपर्यंतचं सगळं तिनं केलं. मधल्या काळात कोर्टानंही व्यंकटला मृत ठरवलं.

यंदा फेब्रुवारीत संगमेश्वर हालगे या दिग्दर्शकाने एका पाईप कंपनीच्या फिल्मचं काम माझ्याकडे आणलं. कंपनीचं नाव करारामुळे लिहीत नाही. कारखाना नायगावजवळ आहे. संगमेश्वर म्हणाला, "ताई, तयार म्युझिक नको. साहेबांना ओरिजिनल पाहिजे. बघणाऱ्याला अभिमान वाटला पाहिजे, पण पंधरा ऑगस्ट वाटू नये."

मी हलगीची चाल बांधली आणि तिच्यावर हार्मोनियमचा एक लांब सूर ठेवला. एका दृश्यात एक कामगार पाईपचं वेटोळं खांद्यावर घेतो, नेमका तिथं हलगीचा ठोका पडावा असं ठरलं होतं. असा ठोका बसवायचा तर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा, सावकाश करून पाहावा लागतो. कामगार पाठमोरा होता. ओझं उचलण्याआधी त्यानं दोन्ही तळहात आपल्याच पाठीवर पुसले. असं करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला होता. मग तो वळला.

केस पांढरे, गाल बसलेले, पण व्यंकट. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर ठोका उशिरा पडतोय. मी तो खरोखर अलीकडे सरकवला, पुन्हा लावून पाहिला, बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी यंत्रांचे आवाज नोंदवायचे आहेत असं संगमेश्वरला सांगून मी नायगावला गेले. तिथं त्याला सगळे बबलूभाऊ म्हणतात. मला पाहून तो दचकलासुद्धा नाही.

"दीपे, लई वाळलीस तू," म्हणाला.

आम्ही कारखान्यामागच्या त्याच्या खोलीबाहेर बसलो. एका मुलीनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. तिची हनुवटी हुबेहूब माझ्या आईची. माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं.

"आई गेल्याचं कळलं होतं," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कंधारचा एक ड्रायव्हर येतो हितं माल घ्यायला."

"आणि तू आला न्हाईस."

नदीवर काय झालं होतं, मी विचारलं.

"मरायलाच उतरलो होतो. पाणी लई गार होतं. भ्यालो. वाहत वाहत लांब जाऊन काठाला लागलो. मग परत यायची लाज वाटून राहिली."

"पण मरायचं कशापायी होतं?"

तो बराच वेळ आठवत बसला. ढोंग नव्हतं ते, मी त्याला ओळखते. "आता नीट ध्यानात न्हाई, दीपे," म्हणाला.

मी उठले तेव्हा तो फाटकापर्यंत आला. "त्या पिक्चरमधून मला काढ. हितं माझं दुसरं नाव हाय. पोरगी बारावीला हाय, सृष्टी. तिला काही म्हाईत न्हाई." राजकन्याचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही.

दृश्य काढणं माझ्या हातात नव्हतं. कंपनीनं ते पसंत केलं होतं आणि संगमेश्वर ऐकेना. माझ्या हातात संगीत होतं. ते मी काढलं. आता हलगी आधीच थांबते, आणि तो वळतो तेवढा वेळ फक्त यंत्रांची घरघर ऐकू येते. फिल्म दाखवली तेव्हा कंपनीच्या साहेबांना तीच जागा सर्वांत आवडली. मला उभं करून त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी कशा ऐकल्या ते मला सांगता येणार नाही.

राजकन्याला सांगायला मला फार दिवस लागले. ती तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "ट्रेनिंगला चालले होते. नायगावच्या स्टँडवर दिसला. त्यानं बी मला बघितलं. तोंड फिरवलं."

"कधी? आई होती तेव्हा?"

"हाव."

"आणि आईला सांगितलं न्हाईस?"

तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. "आईंनी मला त्याला आणायला पाठवलं असतं. मी गेले नसते. मग ह्या घरात मला ऱ्हाता आलं असतं का?"

त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही एका घरात राहून बोललो नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि हे मृत्युपत्र तो गेला म्हणून केलेलं नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला विचारलं, आणि ते "नाही" असं आलं. म्हणून पुढील व्यवस्था करत आहे.

एक. माझे संगणक, माईक व सर्व वाद्ये मी जिथे शिकवते त्या शाळेस द्यावीत. हलगी भिंतीवर टांगू नये, वाजवावी. पाईप कंपनीच्या फिल्मचं संगीत करारानुसार कंपनीचं आहे, त्यावर माझ्यामागे कुणी हक्क सांगू नये.

दोन. आईची सोन्याची बोरमाळ नायगावच्या सृष्टीला द्यावी. वकिलांनी स्वतः जाऊन द्यावी. ती कुणाची, हे मुलीला सांगायचं की नाही, ते तिच्या बापानं ठरवावं. एवढं तरी त्यानं ठरवावं.

तीन. माझा भाऊ व्यंकट यास माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. हे विसरून राहिलेलं नाही, जाणून लिहिलं आहे. यापुढे या घरात त्याचं पान वाढू नये. मी गेल्याचं त्याला कळवू नये. त्याचा ड्रायव्हर येतोच.

चार. मला अग्नी राजकन्यानं द्यावा. बाईमाणसाच्या हातून नको असं भावकीतलं कुणी म्हणाल्यास, त्यांना परत पाठवावं.

पाच. लातूरचं राहतं घर, बँकेतील सर्व ठेवी व वर न सांगितलेलं जे काही निघेल ते सर्व राजकन्यास मिळावं. या कलमापाशी वकील थांबले. "बाईंच्या नावापुढं काय लिहू? व्यंकट टेकाळे यांची विधवा, की पत्नी? कोर्टाच्या कागदाप्रमाणे एक, खरं पाहता दुसरं." राजकन्या दारात अंगणवाडीला जायला निघाली होती, चपला पायात घालत होती.

"अंगणवाडी सेविका लिहा," ती म्हणाली, आणि गेली.

तसंच लिहिलं आहे. सदर घर व ठेवी राजकन्या, अंगणवाडी सेविका, राहणार लातूर, यांच्या मालकीच्या होतील.

अंमलबजावणी वकील शंकरप्पा बिराजदार यांनी करावी. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांसमोर मी सही केली आहे.

(सही) दीपाली सटवाजी टेकाळे

साक्षीदार :
डॉ. वीरभद्र कोरे, लातूर (सही)
धुरपताबाई मोरताळे, शेजारी, लातूर (सही)

ठिकाण : लातूर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४