वळांच्या जागी उठलेलं

अण्णा, मी आता कातडीचे तुकडे तपासते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रुग्णांच्या त्वचेचे बारीक नमुने येतात आणि त्यांत इंटरल्यूकिन-सतरा नावाचं प्रथिन किती आहे ते मी मोजते. त्या रुग्णांना सोरायसिस असतो. तुम्हालाही तोच होता. रगतपिती, म्हणजे महारोग, नव्हता तो.

येरमाळ्याच्या माळावर आपली मेंढरं कातरायचा दिवस. भावकीनं एकमेकांची मेंढरं कातरायची आणि ज्याची मेंढरं त्यानं मटणाचं जेवण घालायचं. मी चौदा वर्षांची, पंगतीला वाढते आहे. तुमचा चुलतभाऊ ताटावरून विचारतो, "पोरी, तुज्या बापाला रगतपिती हाय म्हणत्यात. व्हय का?" मी खरं तेच सांगते, "ठावं न्हाय काका. पर आमी त्यांचं ताट येगळं ठिवतो." शेजारचा हसला, "मंग आज ते ताट कुणाफुडं आलंय?" सगळे उठले. काही मेंढरं एका अंगानं कातरलेली तशीच उभी राहिली.

ऊन उतरायच्या आत तुम्ही मला मेंढरं बांधायच्या दाव्यानं मारलंत. दावं ओलं होतं. आई मध्ये पडली तेव्हा एक फटका तिच्या मनगटावर बसला.

"पुरं करा, मरंल ती."

"मरू दी. चारचौघांत बापाची कातडी सोलली हिनं."

पाठीवर सात वळ उठले. पंधरा दिवसांनी तेल लावताना आईचा हात थांबला. वळ ओसरले होते, पण बरोबर त्याच सात रेघांवर लाल कातडी आणि पांढरे खवले आले होते, तुमच्या कोपरांवर होते तसेच. तिनं तुम्हाला बोलावलं. तुम्ही माझी पाठ पाहिलीत, मग स्वतःचे तळहात. "म्या लावलं हिला," एवढंच बोललात.

त्यानंतर तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, मारायलासुद्धा. पुढं शिकायला होस्टेलला निघाले की माझी पिशवी जमिनीवर ठेवायचात, मी उचलायची. आणि तळहात विटेच्या तुकड्यानं घासायचात, रक्त येईपर्यंत. काही दिवसांनी तिथंही खवले आले. मग तुम्ही आणखी जोरात घासायला लागलात.

तुम्हाला समजेल असं सांगते. लांडगा आला की तुम्ही हाळी द्यायचात आणि कुत्री धावायची. कातडी फाटली की तिच्यातल्या पेशी अशीच हाळी देतात. मी मोजते ती प्रथिनं म्हणजे ती हाळी. आपल्या घरात खोट अशी, की लांडगा गेला तरी ती थांबत नाही. एक प्रथिन दुसऱ्याला उठवतं, कुत्री वाड्यात शिरून आपलीच मेंढरं फाडतात, आणि जी कातडी तयार व्हायला महिना लागावा ती चार-पाच दिवसांत अर्धीकच्ची वर येते. शिवल्यानं हे कुणाला होत नाही. ही खोट जन्मापासून माझ्यात होती, जखमेनं ती जागी झाली. म्हणजे तुमच्या स्पर्शानं मला काही झालं नाही. दाव्यानं झालं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि एक सांगताना मी दुसरं गाळणार नाही.

हे पत्र मी घरी ठेवणार नाही, कारण आईला वाचता येतं आणि पुढचं तिलाही माहीत नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला हे सगळं माझ्या वाचनात आलं होतं. त्या दिवाळीत घरी आले तेव्हा तुम्ही न्हाणीपाशी बसून हात घासत होता. पाणी लाल झालं होतं. मला बघून म्हणालात, "लांब हो, पोरी." एका वाक्याचं काम होतं. ते न सांगता मी लांब झाले. पुढच्या पोळ्याच्या आधी तुम्ही गेलात.

खरं कळलं असतं तर तुम्ही पुन्हा हात उचलला असता. मारायला, की डोक्यावरून फिरवायला, ते मला सांगता येत नव्हतं. मला दोन्ही नको होतं.