उलटलेली दोन पानं

ताई,
तुला वाकून नमस्कार. माझा खोकला गेला, जेवण अंगी लागतंय. तुझा गुडघा कसा आहे?

इथे शाळेत मी पहिलीच्या मुलांचं वाचन ऐकते. एक मुलगी घडाघडा वाचायची. परवा तिच्या हातून चुकून दोन पानं एकदम उलटली, तरी ती मधल्याच पानावरचं म्हणत राहिली.

"अगं, हे इथे कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

तिनं पुस्तक छातीशी धरलं. "बाईंना सांगू नका ना. मला अक्षरं येत नाहीत."

सगळं पाठ होतं, ताई. कालपासून मधल्या सुट्टीत आम्ही दोघी अक्षरं गिरवतो. 'नळ' वाचता आला तेव्हा ती रडलीच.

तेव्हापासून तुझ्याकडे ठेवलेली माझी लेक ठकू डोळ्यांपुढून हलत नाही. दर रविवारी ती मला फोनवर एकच धडा वाचून दाखवते, आणि मी कौतुक करून फोन ठेवते. तिला एखादं नवं पुस्तक देऊन बघशील? अडली तर रागावू नकोस, भावोजींनाही बोलू देऊ नकोस. शेजारी बस आणि तिचं बोट शब्दाखाली धर.

जे असेल ते खरं कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी,
धाकटी