झिंग्यांचा श्रावण

१७ जुलै १९८३, सकाळी
भिवापूरच्या नत्थू मासेवाल्याने दोनशे झिंगे आणून दिले. परसातल्या सिमेंटच्या टाकीत सोडले. थिसिसचं नाव पक्कं: झिंग्यांतील वाढीची व प्रतिकारशक्तीची जीन्स. कॉलेजात पोरांना बेडूक फाडून दाखवण्यात आयुष्य गेलं. यंदा पीएच.डी. म्हणजे पीएच.डी. रोज उकडलेलं अंडं घालायचं, दर रविवारी मोजणी. खंड नाही.
संध्याकाळी लकडगंजातल्या पेंटरला दारावरची पाटी सांगून आलो. पत्र्याची, मोठी. 'डॉ.' लाल रंगात.

२४ जुलै, रविवार
मोजणीला बसलो. झिंगे एका जागी थांबत नाहीत. अशाने मोजायचं कसं? पुढच्या रविवारी.

२९ जुलै
मधुसूदनचा निरोप. एकेकाळचा माझा विद्यार्थी, आता माझाच गाईड! ४ सप्टेंबरला टाकी बघायला येणार. निम्मे तरी झिंगे जिवंत हवेत, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. मुदतवाढ आता नाही म्हणे. याला बेडूक धरायला मी शिकवलं.

९ ऑगस्ट
श्रावण लागला. आईने टाकीतलं अंडं बंद केलं. म्हटलं, झिंग्यांना श्रावण नसतो. तर म्हणाली, काहून नसते रे? माझ्या घरी राहून राहिले ना ते?
प्रेमलतेला म्हटलं, तू चोरून घाल. बायको असून म्हणते, तुम्हीच सांगा आईंले. सांगणारच होतो. तूर्त भगर घातली.

१५ ऑगस्ट
भगर संपली म्हणून साबुदाणा घातला, त्याने पाणी दुधासारखं झालं. आतलं काही दिसत नाही, मोजणी आपोआप बंद. पण काठाला कवचं! झिंगा वाढला की जुनं कवच टाकतो. म्हणजे उपासाने वाढीचं जीन चालू झालं. हे जगात कोणाला सुचलं नसेल. आभारात आईचं नाव घालीन, शेवटी.

२२ ऑगस्ट
कवचंच कवचं. मेलेला एकही तरंगत नाही, म्हणजे प्रतिकारशक्तीचं जीनही चालू. प्रेमलता म्हणते, कवचं मोडकी काहून आहेत हो? एखादं अंडं टाकून पाहा ना. थिअरी ऐन रंगात आली असताना अंडं! बी.ए. मराठीशी काय बोलायचं?

३० ऑगस्ट
पाटी आली. झकास. रविवारी मधुसूदन गेला की लावतो.

४ सप्टेंबर, दुपारी
टाकी उपसली. तळाशी एक झिंगा. एकच. वीतभर लांब, एक नांगी तुटलेली.
मधुसूदनने हळूच विचारलं, सर, बाकीचे? ओरडला असता तर बरं झालं असतं.
कवचं आज प्रथमच हातात घेऊन पाहिली. कुरतडलेली. नुकतं कवच टाकलेला झिंगा मऊ असतो, उपाशी झिंगे त्याला खातात. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. मधुसूदनलाही सांगितलं होतं.
रजिस्ट्रेशन रद्द. झिंग्यांनीच झिंगे खाल्ले हे आईला कळलं तशी ती डोक्यावरून न्हायली. श्रावणात, माझ्या घरात, म्हणत होती.

संध्याकाळी
उरलेला झिंगा बादलीत ठेवला. अंडं घातलं. आई बघत होती, मग आत गेली. मांजर टपून बसलेलं, म्हणून झाकण शोधायला लागलो. प्रेमलतेने आतून पाटी आणून दिली. बादलीवर बरोब्बर बसली.
फार रडू आलं. अक्षरं खालच्या बाजूला केली.