खालचा सूर कोण धरणार

१२ सप्टेंबर

गुंईऽऽऽ! अख्खी दुपार नुसतं गुंईऽऽ! माझ्या गादुल्काची, म्हणजे आमच्याकडच्या सारंगीची, वायर ॲम्पला, ॲम्पची संगणकाला, आणि मी तारांवर गज टेकवायच्या आधीच हे सुरू.

प्लामेन म्हणाला, "फ्रिज असेल." फ्रिज बंद केला. गुंई तशीच, लोणी मात्र वितळलं. मग म्हणाला, "लिफ्ट असेल." लिफ्ट ईस्टरपासून बंद आहे! नवरा आहे म्हणून ऐकून घेते झालं.

आईचं ऑपरेशन दोन ऑक्टोबरला. गळ्यातली गाठ. डॉक्टर स्पष्टच बोलले — आवाज राहील, पण हाच राहील असं नाही सांगता येत. सगळं पेर्निक शहर तिला आवाजावरूनच ओळखतं! त्याआधी तिचं एक गाणं तरी नीट रेकॉर्ड करायचंच. आणि मागे हे गुंई! रडू आलं. मग राग आला. रागच बरा.

१४ सप्टेंबर

वरची स्तोइमेनका दिवसभर मिरच्या भाजते. म्हटलं, हिच्या विजेच्या भट्टीचाच हा प्रताप! वर जाऊन भांडले. तिने बिचारीने भट्टी बंद केली. गुंई चालूच. खाली आले ती भाजलेल्या मिरच्यांचं पातेलं घेऊन. लाजेने मेले. मिरच्या फक्कड होत्या.

१५ सप्टेंबर

प्लामेनने ॲम्पच्या प्लगच्या बाजूच्या पत्र्यांवर काळी टेप गुंडाळली आणि गुंई गायब! मी त्याचा मुकाच घेतला. वाद्यांच्या दुकानातल्या बोयानला तोऱ्यात फोन केला, तर तो किंचाळला. "अर्थिंग तोडलंत? ताई, नवऱ्याने तुमचा विमा उतरवलाय का? आधी ती टेप काढा!"

काढली. गुंई हजर.

मग त्याने शांतपणे समजावलं. ॲम्प खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये, संगणक दाराजवळच्या. दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जातं आणि मधल्या वायरीतून नको तो प्रवाह फिरत राहतो. "दोघांना एकाच एक्स्टेन्शन पट्टीवर आणा. चार्जर काढा, संगणक बॅटरीवर चालवा." एवढंच! आणि मी स्तोइमेनकाशी भांडले!

१६ सप्टेंबर

पट्टी अजून आणलेली नाही. आईला म्हटलं, हेडफोन लाव, नुसता सराव कर, गुंई असली तर असू दे.

आणि ती गायली! काय गायली! तीन वर्षांत अशी गायली नव्हती. हेडफोन काढून म्हणाली, "पोरगी सूर जरासा चढा लावते. पण टिकते हो!"

कोण पोरगी?

"ही काय, खाली सूर धरलाय ती."

अगं आई, ती वीज आहे!

१८ सप्टेंबर

पट्टी आणली. दोन्ही प्लग तिच्यात, चार्जर बाहेर. गुंई गेली! खरंच गेली! मी आणि प्लामेन स्वयंपाकघरात नाचलो, एक बशी फुटली, कोणाला पर्वा!

आईला बसवलं. दोन ओळी गायली आणि थांबली. "कुठे गेली ती?"

घालवली, म्हटलं.

"मग मी कशावर उभी राहू?"

मीच मूर्ख. आमचं गाणं कधी एकटीचं असतं का? एकीने वर गायचं, दुसरीने खाली एकच सूर धरून ठेवायचा. मी धरून पाहिला. आई म्हणाली, "तू आपली गादुल्का वाजव हं."

खालचा सूर आयुष्यभर पेन्कामावशीने धरला. समोरच्याच इमारतीत राहते. तीन वर्षं दोघी बोलत नाहीत. कशावरून? ल्युतेनित्साच्या चटणीत साखर जास्त कोणी घातली! साखर!

१९ सप्टेंबर

गेले मावशीकडे. दार उघडून पहिला प्रश्न — "मेली का ती?"

नाही गं. ऑपरेशनचं सांगितलं. ती कितीतरी वेळ दाराची कडीच पुसत राहिली. मग म्हणाली, "तिला सांग, साखर मी घातली नव्हती." संपलं! येते म्हणेना. निघता निघता माझ्या तोंडून गेलं, की आई परवा त्या गुंईबरोबर गायली, वर तिचं कौतुकही केलं.

"कशाबरोबर?"

विजेबरोबर.

"माझ्या जागी तिने वायर बसवली?" ॲप्रनसकट निघाली! रस्ता ओलांडताना मी मागे पळतेय आणि ही पुढे.

आईने तिला खालून वर पाहिलं. "सुटलीस की गं."

"आणि तुझी काठी झाली. सरक तिकडे."

सरकली. दोघी एका माइकसमोर, खांद्याला खांदा लावून. एका दमात गाणं झालं. मागे गुंई नाही, खरखर नाही, फक्त त्या दोघी आणि माझी गादुल्का. माझं दोनदा चुकलं, पण पुन्हा घेऊ म्हणायची छाती कोणाची? प्लामेन दारात उभा राहून मिरच्या सोलता सोलता रडत होता. म्हणे मिरच्यांमुळे!

आनंदाने मला धड लिहिताही येत नाहीये.

२ ऑक्टोबर

गाठ साधी निघाली! साधी!

११ ऑक्टोबर

आई बोलते, पण आवाज जाडा, खोल. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. ती गाण्याचं नावच काढत नाही. मीही नाही.

२५ ऑक्टोबर

पेन्कामावशी सूप घेऊन आली. आईने अचानक वरचा सूर लावला. फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. आम्ही कोणी एकमेकींकडे बघेना. मग आईने खाली एकच सूर धरला, भक्कम, जराही न हलणारा, आणि मावशीला कोपर मारलं — गा की!

मावशी वर गायली. एवढी वर्षं ही बाई खालच्या एका सुरावर गप्प कशी राहिली?