सादिकाचं पेटंट आणि माझी बातमी

३ ऑगस्ट, सोमवार

सादिका येऊन गेली. गल्लीतल्या अनिस मेकॅनिकची मुलगी, दहावीचं संस्कृत माझ्याकडे शिकली. चाकणच्या जर्मन कंपनीत मशीन का थांबलं याचा अहवाल जर्मनमध्ये लिहून लिहून वैतागली. शेवटी नोकरी सोडली आणि दोन वर्षं खपून सॉफ्टवेअर केलं— ते मशीनचे सेन्सर वाचतं, आणि खरंच काय घडलं ते पाहून अहवालातल्या वाक्याचं व्याकरण सुधारतं! आता पेटंट घेणार. म्हणाली, "सर, तुम्ही विभक्तीचे तक्ते पाठ करून घेतलेत ना, त्याचा हा सूड!"

४ ऑगस्ट

नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट नाही म्हणे, ते यंत्राला जोडलेलं दाखवावं लागतं. माझ्या विद्वत्तेचंही तेच. कशालाच जोडली गेली नाही.

पाणीटंचाईची माझी बातमी आज पुन्हा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जाहिरातीने खाल्ली. वीस वर्षांची वार्ताहरकी, निम्मी या शुभेच्छांखाली गाडलेली! उपसंपादक भिमाजी म्हणतात, "जाहिरातीवरच पेपर चालतो, राव."

५ ऑगस्ट

सादिकाची बातमी लिहिली. सेन्सरपासून वाक्यापर्यंत एकूण एक पायरी, तिने दाखवलेल्या तक्त्यासकट. इतकं स्वच्छ मी कधीच लिहिलं नव्हतं! चारला पाठवली. तिला कळवलं नाही— सकाळी चकित होऊ दे.

संध्याकाळी—

चकित मी झालो. सादिका तिच्या पेटंट वकिलाला, पुनावळ्याच्या शेखरला, घेऊन चहाला आली. तो सहज म्हणाला, "अर्ज परवा जातोय. त्याआधी कुठे छापून आलं की नवेपणा गेला. मग पेटंट विसरायचं."

गॅलरीत जाऊन भिमाजींना फोन. "पान थांबवा!"

"पान गेलं राव छपाईला. पण तुमची—"

पुढचं ऐकायला धीर कुठला! फोन ठेवला. आत येऊन सांगून टाकलं.

"सगळं लिहिलंत, सर?"

"सगळं."

"तक्त्यासकट?"

"तक्त्यासकट."

"मी अर्धवट उत्तर लिहिलं की पट्टी मारायचात. आज एकदा तरी अर्धवट लिहायचंत!"

हसली. पण चहा तसाच ठेवून गेली.

६ ऑगस्ट

सहालाच स्टॉलवर. पान तीन उघडलं— माझी बातमी नाही! तिथे लक्ष्मणराव नगरसेवक, अख्खं पान, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, चौतीस कार्यकर्त्यांच्या फोटोंसह.

भिमाजी फोनवर म्हणाले, "काल तेच सांगत होतो, राव. तुम्ही ऐकून घेतलंत कुठे? उद्या लावतो."

"खबरदार!"

सादिकाला कळवलं. ती स्कूटर घेऊन येतेय. हार घेऊन दोघं लक्ष्मणरावांकडे निघालोय— कशाबद्दल, ते उद्या अर्ज जाईपर्यंत त्यांनाही सांगायचं नाही!