भिमाजीचं रक्त

पिंपरी, ४ ऑगस्ट १९५६
आजपासून मी इथल्या नव्या औषध कारखान्याचा डॉक्टर. खोली हवेशीर आहे, दवाखान्याला ताजा चुना आहे आणि सूक्ष्मदर्शक थेट जर्मनीहून आलेला. हाताखाली शालनबाई नावाच्या नर्सबाई. हात स्वच्छ, पण मत फार देतात. बाकी सगळे जवळच्या मोशी गावाकडचे गडी. तापाला अंगारा लावणारे. यांना माणसात आणायला वर्ष लागेल.

७ ऑगस्ट
नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात पाणी साचलंय आणि गडी आत उतरेनात. मुकादम भिमाजी म्हणाला की गोदामातल्या घुशी त्यात मुततात; मागच्या पावसाळ्यात दोघे पिवळे पडून मेले. मी हसलो. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून सर्वांदेखत पाण्यातून पलीकडे गेलो. सळई लागून नडगी खरचटली, एवढंच. मग दहाही जण मुकाट उतरले, भिमाजी सर्वांत आधी.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला भिमाजी लाल डोळे घेऊन आला. म्हणे ताप आहे, पोटऱ्या कुणी ठेचल्यागत दुखतायत. असले डोळे मला ठाऊक आहेत. शालनबाईंनी पेनिसिलिनचं सुचवलं. दारूवर पेनिसिलिन देत नाहीत, असं सांगून त्याला कामावर धाडलं.

१८ ऑगस्ट
भिमाजी हळदीसारखा पिवळा. त्याचं रक्त काचेखाली धरलं. केसाहून बारीक, मळसूत्री, टोकाला आकडा असलेले जंतू वळवळत होते. वाइलचा रोग, पुस्तकात वाचला होता: उंदीर-घुशींच्या मुताने नासलेल्या पाण्यातून, खरचटलेल्या कातडीवाटे शिरतो. पांढऱ्या पेशींनी त्यांना गिळायला हवं. जंतू त्यांना घासून जात होते आणि त्या ढिम्म. रक्तात प्रतिद्रव्यं तयार होईतो त्यांना शत्रू ओळखता येत नाही. त्यात आठवडा जातो. असले पहारेकरी मी एका दिवसात हाकलले असते.
पेनिसिलिन सुरू केलं. त्याची बायको दुर्गाबाई दारात उभी होती. म्हणाली, "पानी वंगाळ हाय म्हनले व्हते की त्ये, सायेब." बाईमाणसाचं दवाखान्यात काय काम; तिला बाहेर बसवलं.

२० ऑगस्ट
दोन दिवस लघवी बंद होती. दुपारी भिमाजी गेला. मृत्यूच्या दाखल्यावर मी नुसतं 'कावीळ' लिहिलं. शालनबाईंनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. नर्सने डॉक्टरकडे असं पाहायचं नसतं.

२१ ऑगस्ट
थोडी कणकण. दगदग झाली. पोटऱ्या—

२३ ऑगस्ट
स्वतःचं रक्त पाहिलं. आहेत. शेकड्यांनी. आणि माझ्या पेशी—शिकल्यासवरल्या माणसाच्या पेशी—तशाच ढिम्म. तासभर पाहिलं. एकीनेही एक गिळला नाही.
बाहेर उरलेले नऊ गडी तापाने आलेत. आधी मला टोचा म्हणालो. शालनबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. जो आधी आला, त्याला आधी; मला शेवटी.

२५ ऑगस्ट
नऊही जण उठून बसलेत. भाकरी खातात. आवाज येतो. त्यांना पहिल्या दिवशीच सुई मिळाली. मी दोन दिवस दगदग म्हणत—
लघवी नाही. कालपासून.

२६
नाकातून रक्त, कागदावर. शालनबाई पेन घेऊ पाहतात. नको. दुर्गाबाईला बोलवा. तिला सांगायचंय, त्या दिवशी तो खरं बोलत होता आणि मी त्याला—